फॉलोअर राहू देत, आधी ऑर्डर येऊ दे

कुठंही गेले, बचत गटाच्या मीटिंगला, माहेरी इचलकरंजीला, परवा तर राजारामपुरीत एका लग्नाच्या बस्त्याला, की मला हमखास एकच विचारतात, ताई इन्स्टावर फॉलोअर कसे वाढवायचे ओ. आणि मी प्रत्येकीला उलट विचारते, काल किती जणांनी भाव विचारला आणि त्यातल्या किती जणांचं पार्सल गेलं? ते कुणीच मोजलेलं नसतं. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढूया. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरातनं कांदा लसूण चटणी करून विकतो, आई म्हणजे माझ्या सासूबाई चटणी बघतात, मी मोबाईल आणि पार्सल बघते, मिस्टर नोकरी सांभाळून मिरची आणून देतात. आधी फक्त ओळखीत जायची, आता पुण्या-मुंबईतले कोल्हापूरकर मागवतात, आणि हे सगळं मोबाईलवरनंच झालंय.

सुरुवात इन्स्टापासून करू नका. आधी व्हॉट्सॲप बिझनेस टाका, ॲप फुकट आहे, आणि त्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्या. घरच्याच नंबरवर धंदा चालवला की नणंदेच्या फोटोंखाली ऑर्डर गाडली जाते आणि चार दिवसांनी सापडते, तोवर गिऱ्हाईक दुसरीकडं गेलेलं असतं. प्रोफाईलमध्ये पत्ता, वेळ, सुट्टीचा वार भरा. कॅटलॉग म्हणून एक सोय आहे त्यात माल टाका, पाचशे वस्तूंपर्यंत टाकता येतात पण तुम्हाला पाच-सहाच लागतील, तेवढ्याच नीट टाका: फोटो, वजन, भाव, आणि दोन ओळीत काय आहे ते. आमच्यात मी लिहिलंय की रंगाला ब्याडगी आणि तिखटाला लवंगी, मीठ घातलेलं आहे, भाजीत वेगळं मीठ बेतानं टाका. ही शेवटची ओळ एका गिऱ्हाईकाच्या खारट झालेल्या आमटीनंतर घातली, तेव्हापासून ती तक्रार परत आली नाही.

आणि भाव लिहा. कृपा करून भाव लिहा. ‘प्राईस इन डीएम’, म्हणजे भाव खासगी मेसेजमध्ये विचारा, हे लिहायचं बंद करा, मला खरंच कळत नाही हे कुणी शिकवलं. महाद्वार रोडला एखाद्या दुकानात गेलात आणि भाव विचारल्यावर दुकानदार म्हणाला की आत या मग कानात सांगतो, तर तुम्ही थांबाल का? लोकांना वाटतं भाव लपवलाय म्हणजे जास्त असणार, किंवा माणूस बघून भाव सांगणार. भाव स्पष्ट लिहिला तर विचारणारे कमी होतात हे खरं आहे, पण जे विचारतात ते घ्यायलाच आलेले असतात, आणि तुमचा दिवसाचा तासभर वाचतो.

ॲपमध्ये क्विक रिप्लाय असतात, म्हणजे तिरकी रेघ मारून ‘भाव’ एवढं टाईप केलं की आधी लिहून ठेवलेला अख्खा मेसेज येतो. माझा असा आहे:

‘नमस्कार! कांदा लसूण चटणी पाव किलो १६०, अर्धा किलो ३१०, एक किलो ६००. तिखट मध्यम आहे, जास्त पाहिजे असेल तर सांगा. कोल्हापुरात घरून नेऊ शकता, बाहेरगावी कुरिअरचा खर्च वेगळा. तुमचं गाव आणि पिन कोड पाठवा, कुरिअर धरून एकूण किती ते लगेच सांगते.’

शेवटचं वाक्य बघा. आधी माझा मेसेज भावावरच संपायचा आणि समोरून ‘ओके’ यायचं आणि विषय खलास. पिन कोड मागायला लागल्यापासून निम्मे लोक पुढं बोलतात, कारण त्यांना आता काय करायचं ते कळतं. आणि उत्तर लवकर द्या, माणसाला जेवताना चटणीची आठवण झालेली असते, रात्री अकराला उत्तर दिलं तर ती हौस गेलेली असते. स्वयंपाकाच्या, झोपायच्या वेळेला अवे मेसेज, म्हणजे आपण नसताना आपोआप जाणारं उत्तर, लावून ठेवा की अमुक वाजता उत्तर देते, आणि मग त्या वेळेला खरंच द्या. चॅटला लावायची लेबलं असतात ती पण वापरा, नवीन ऑर्डर, पैसे यायचेत, पार्सल गेलं, एवढी तीन पुरतात, रोज रात्री ‘पैसे यायचेत’ उघडून बघायचं.

दुसरं काम गूगल मॅपवरचं. हे दुकानवाल्यांनी तर आजच करावं असं मला वाटतं, कारण अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरनं आलेला माणूस इन्स्टा नाही उघडत, तो मॅप उघडून ‘जवळ मिसळ’ नाहीतर ‘कोल्हापुरी चप्पल’ शोधतो. गूगल बिझनेस प्रोफाईल फुकट बनतं, पडताळणीसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात ज्यात रस्ता, बोर्ड, आतला माल दिसला पाहिजे. मॅपवरची जागेची खूण, म्हणजे पिन, स्वतः दुकानासमोर उभं राहून ठेवा, पेठांतल्या बोळात ती पलीकडच्या गल्लीत पडली की गिऱ्हाईक गोल गोल फिरत राहतं. शटर उघडं असतानाचा बाहेरचा फोटो टाका म्हणजे लांबनं ओळखू येईल. घरातनं धंदा करणाऱ्या बायकांसाठी महत्त्वाचं, पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल देता तेवढं दाखवता येतं, मी तसंच केलंय, ज्याची ऑर्डर पक्की त्यालाच पत्ता. आणि रिव्ह्यू मागायला लाजू नका, माल आवडला म्हणून फोन आला की तिथंच लिंक पाठवायची. पण रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट देऊ नका, ते गूगलच्या नियमात बसत नाही.

आता इन्स्टा. अकाउंट प्रोफेशनल करून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत आणि कुठला व्हिडिओ कुठल्या गावात बघितला गेला ते कळतं. नावाच्या रकान्यात नुसतं ‘श्री अमुक एंटरप्रायझेस’ ठेवू नका, सर्चमध्ये ती जागा बघितली जाते, म्हणून तिथं ‘कोल्हापुरी कांदा लसूण चटणी’ असं लोक जे शोधतात तेच लिहा. बायोमध्ये, म्हणजे नावाखालच्या माहितीत, गाव, काय मिळतं, कुरिअर होतं की नाही, आणि व्हॉट्सॲपची लिंक. बस्स. सुविचार नको.

रील काय टाकायची हा खरा प्रश्न, आणि इथंच सगळे गंडतात. मी पण पहिलं वर्षभर बरणीचे फोटो टाकले, मागं फुलं ठेवून, वर सोनेरी अक्षरात ‘चव महाराष्ट्राची’ वगैरे. कुणी ढुंकून बघितलं नाही. मग एका मार्चमध्ये आम्ही डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, गेलो होतो कुटायला, मी सहज फोन पितळी डब्याला टेकवून चालू ठेवला. मुसळं वरखाली चाललेली, धाड धाड आवाज, तळलेला कांदा आणि भाजलेलं खोबरं मिरचीत पडलं तसा लालभडक रंग हळूहळू गडद होत गेला, शेजारच्या बाईला ठसका लागला तो पण आला, आणि आईंनी चिमटभर घेऊन जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, ‘मीठ कमी हाय गं, अजून एक मूठ टाक.’ बावीस सेकंद. गाणं नाही, काही नाही. तेवढंच टाकलं. खाली कमेंटी आल्या की आमची आई अशीच चाखायची, कुणी लिहिलं मला इथं पुण्यात बसून ठसका लागला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा बरण्या कमी पडल्या.

त्यावरनं मला जे कळलं ते असं की लोकांना माल नाही बघायचा, माल होताना बघायचाय. तुम्हाला रोज करून करून त्यात काही विशेष वाटत नाही, पण बघणाऱ्याला वाटतं. पापाच्या तिकटीजवळ आमच्या ओळखीचे एक काका चपला करतात, त्यांच्या पोरानं पांढऱ्या कागदावर ठेवून चपलांचे ओळीनं साठ फोटो टाकले होते. मी त्याला म्हटलं फोटो राहू देत, काका आरीनं भोक पाडून त्यातनं चामड्याची वादी ओढतात ना, तो हात जवळनं घे, आणि शेवटी नवी चप्पल घालून काका दगडी फरशीवर चार पावलं चालू देत, ती करकर तेवढी ऐकू आली पाहिजे. नाद खुळा झाली ती रील. करकर ऐकून लोकांनी आपापल्या आज्ज्याच्या आठवणी लिहिल्या.

चपलेवरनं अजून एक. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, सुरुवातीला आपलं नावच नव्हतं, लोक चिडल्यावर कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या हातानं बनवलेल्या चपलांची आहे. त्या दिवसांत सगळीकडं कोल्हापुरीचाच विषय होता, आणि ज्याच्या प्रोफाईलवर आधीपासून काम दाखवलेलं होतं त्याच्याकडं आलेल्या माणसाला बघायला काहीतरी होतं, बाकीच्यांची पानं रिकामी. असा दिवस सांगून येत नाही, म्हणून आधीच तयारी पाहिजे. कोल्हापुरीला २०१९ ला जीआय, म्हणजे ठराविक भागातल्याच मालाला ते नाव लावता येतं असं सरकारी मानांकन, मिळालाय, आपल्याकडचे चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात येतात, तेव्हा चामडं कुठलं, कुणी शिवली, कुठल्या गावात, हे कॅप्शनमध्ये लिहा. आणि रेक्झिनच्या मशीनवरच्या चपलेला कोल्हापुरी म्हणून विकू नका, सगळ्यांचंच नाव जातं त्यात.

शूटिंगचं फार काही नसतं. फोन उभा धरायचा, आधी पदरानं नाहीतर टीशर्टनं कॅमेऱ्याची काच पुसायची (आपल्या फोनला कायम तेलाचा हात लागलेला असतो), खिडकीकडं तोंड करून सकाळच्या उजेडात काढायचं, ट्यूबलाईटखाली मिरची तपकिरी दिसते. पहिल्या दोन सेकंदात सगळ्यात भारी गोष्ट यायला पाहिजे, नमस्कार मंडळी आज आपण बघणार आहोत असं म्हणेपर्यंत माणूस पुढं सरकलेला असतो. बोललेलं खाली अक्षरात पण येऊ द्या, ऑफिसात, एसटीत लोक आवाज बंद करून बघतात. आणि बोला तुम्ही घरात बोलता तसं. पुस्तकी बोलायला गेलं की आवाज रेडिओसारखा होतो, आपल्या बोलीत जो गोडवा आहे तो बाहेर राहणाऱ्या कोल्हापूरकराला तिथं ऐकायला मिळत नाही, त्याला तोच पाहिजे असतो. सिनेमाची गाणी लावताना जपून, धंद्याच्या अकाउंटला सगळी गाणी वापरायची परवानगी नसते, कधीकधी आवाजच बंद करून टाकतात. डंकाचा, तव्याचा, शिलाई मशीनचा आवाज तुमचा स्वतःचा आहे, तो कोण बंद करतंय.

किती टाकायचं? आठवड्याला दोन रील जमल्या तरी लई झालं, पण व्हॉट्सॲप स्टेटस मात्र रोज. लोक स्टेटसला किरकोळ समजतात, माझ्या निम्म्याच्या वर ऑर्डरी स्टेटसवरनं येतात, कारण ते बघणारा माणूस तुमचा नंबर सेव्ह करून बसलेला असतो, म्हणजे ओळखीचा किंवा एकदा घेऊन गेलेला. आज किती किलो कुटली, आज पार्सल कुठं कुठं चाललंय, दहाच बरण्या उरल्यात, असं खरंखुरं टाकायचं. दहा उरल्यात म्हणून खोटं टाकू नका, गल्लीतल्या बायका स्टेटस बघतात आणि घरी येऊन बरण्या पण मोजतात.

ब्रॉडकास्ट लिस्टचं, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या व्हॉट्सॲपवरच्या सोयीचं, एक लक्षात ठेवा, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय. म्हणून पार्सलमध्ये मी एक चिठ्ठी टाकते, नंबर सेव्ह करा, नवीन घाणा झाला की कळवते. विचारल्याशिवाय कुणाला लिस्टमध्ये घालू नका, आणि सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवर जाहिराती टाकू नका, लोक तोंडावर काही बोलत नाहीत पण मनातनं उतरता.

वर्षाचं एक कॅलेंडर भिंतीवर लावा आणि त्यावर खुणा करा. नवरात्र, दिवाळी, चैत्रातली जोतिबाची यात्रा, लग्नसराई, अंबाबाईचा किरणोत्सव, ह्या दिवसांत गावात बाहेरची माणसं येतात. पण पोस्ट त्या दिवशी टाकून उपयोग नाही, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर बायका दसऱ्यालाच ठरवतात, सणाच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा आणि ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख ठळक लिहा.

पैसे देऊन जाहिरात करायची का, तर लगेच नको. ज्या रीलला फुकटात चांगला प्रतिसाद आला तीच थोडे पैसे घालून पुढं ढकला, पडलेल्या रीलवर पैसे घातले तर ती पडलेलीच राहते. ठिकाण निवडताना अख्खा महाराष्ट्र निवडू नका. आमची चटणी कोल्हापुरात घरोघरी होते, इथं जाहिरात करून काय होणार, म्हणून मी पुण्याचे ठराविक भाग निवडले आणि बटण दाबलं की थेट व्हॉट्सॲप उघडेल अशी जाहिरात लावली. केकवाल्या ताईंचं उलटं, त्यांनी घराभोवतीचे पाच किलोमीटरच धरावेत, केक काही पुण्याला जात नाही. दिवसाला शंभर-दीडशेनं चार-पाच दिवस बघा, वर १८ टक्के जीएसटी लागतो तो हिशोबात धरा, आणि वहीत लिहा: किती गेले, किती मेसेज आले, किती पार्सल निघाली.

फॉलोअर विकत देतो म्हणणाऱ्यांच्या नादाला लागू नका. आम्ही एकाला महिन्याचे आठ हजार देऊन बसलो होतो, पंधरा दिवसांत चार हजार फॉलोअर वाढले, बघितलं तर सगळी परदेशी नावं, फोटो नाही काही नाही, त्यातल्या एकानं पण भाव विचारला नाही. वाईट म्हणजे नंतर आमच्या रीलवर लाईकच पडेनात, कारण ज्यांना दाखवली जायची ती माणसंच नव्हती. बसून एक एक काढायला लागले. आठ हजारात चार पोती मिरचीचं वाहतूकभाडं निघालं असतं.

लोकल इन्फ्लुएन्सरला बोलावायचं तर आकडा बघू नका, त्याच्या कमेंटी वाचा, खाली कोल्हापूरची माणसं बोलतायत का ते बघा. किती पैसे, काय काय टाकणार, कोलॅब पोस्ट करणार का, म्हणजे दोघांच्याही प्रोफाईलवर दिसेल, हे आधी मेसेजवर लिहून घ्या. पैसे दिले असतील तर पेड म्हणून दाखवायला सांगा, २०२१ पासून आपल्याकडं जाहिरात क्षेत्राची तशी नियमावली आहे, आणि लोकांना फसवल्यासारखं पण होत नाही.

तक्रार आली तर? येणारच. एकदा नाशिकला गेलेल्या बरणीतलं तेल कुरिअरमध्ये गळलं आणि त्या ताईंनी फोटोसकट कमेंटमध्ये टाकलं. मिस्टर म्हणाले डिलीट कर. मी तिथंच खाली लिहिलं, ताई चूक आमची आहे, झाकणाला सील कमी पडलं, आज दुसरी बरणी पाठवते, पैसे नाही लागणार. मग पुढचं बोलणं मेसेजवर. आता झाकणाखाली प्लास्टिकची चकती आणि बाहेरून पिशवी असं दुहेरी पॅकिंग करतो आणि त्याचा पण व्हिडिओ टाकला, त्याच ताईंनी तो शेअर केला. खायचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर, बनवल्याची तारीख, वजन लेबलवर पाहिजेच, आणि फोटोत ते लेबल दिसू द्या, अनोळखी माणसाचा विश्वास तिथं बसतो.

फसवणारे पण ह्याच रस्त्यानं येतात. ‘मी फौजेत आहे, कॅम्पसाठी वीस किलो पाहिजे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असा मेसेज आला की ब्लॉक करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर कधीच लागत नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून माल पाठवू नका, बँकेत जमा झालेले बघा. ब्लू टिक देतो, अकाउंट बंद होणार आहे, इथं लॉगिन करा असल्या लिंका उघडू नका, आणि इन्स्टा, व्हॉट्सॲप दोन्हीला टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे लॉगिनला दुसरं कुलूप, आजच लावा. तरी काही झालंच तर ताबडतोब १९३० ला फोन करायचा, जितका लवकर तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि गिऱ्हाईकांची यादी एका वहीत हातानं लिहून ठेवा, नाव, गाव, नंबर, काय नेलं, तिखट किती आवडतं. २९ जून २०२० ला आपल्या देशात टिकटॉक बंद झालं तेव्हा ज्यांचं सगळं तिथंच होतं त्यांच्या हातात एका रात्रीत काही राहिलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप तिन्ही काही तास एकदम बंद पडलेले आठवत असतील. २०१९ आणि २०२१ च्या पुरात रस्ते बंद होते, कुरिअर अडकलेलं, तेव्हा आम्ही त्या वहीतनं एकेकाला फोन करून सांगितलं की पार्सल आठ दिवस उशिरा येईल, एकानं पण पैसे परत मागितले नाहीत, उलट तुम्ही सगळे बरे आहात का म्हणून विचारलं.

आता मार्च लागला की गच्चीवर मिरची पडेल. पहिला व्हिडिओ देठं खुडतानाचा घेणार आहे, आई आणि शेजारच्या तिघी गोल करून बसतात आणि त्यांच्या गप्पा चालतात त्या तशाच राहू देणार. आईंना सांगितलंय की फोनकडं बघायचं नाही. त्या म्हणाल्या, ‘मग लुगडं तरी चांगलं नेसते.’